खगोलशास्त्राचा विद्यापीठातला पहिला कोर्स : अनुभव आणि प्रश्नोत्तरं

शुक्रचांदणी

मी इलिनॉयमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. इथे कर्मचाऱ्यांना दर सत्रात एखाद्या कोर्सची फी माफ असते. गेल्या वर्षी ऑगस्ट ते डिसेंबरच्या सत्रात मी खगोलशास्त्राचा अगदी पहिल्या पायरीचा कोर्स केला. नुसती हजेरी लावून नव्हे, गृहपाठ, लॅब, परीक्षा सगळ्यांसकट. दुसऱ्या एका धाग्यावर त्याचा उल्लेख आला तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी हा कोर्स कुणासाठी असतो ते सांगते. अमेरिकेत पदवीला इतिहास घ्या, अर्थशास्त्र घ्या नाहीतर संगीत, विज्ञानाचे एक-दोन कोर्स करावेच लागतात. रसायन-भौतिकच्या धास्तीने पुष्कळ मुलं खगोलशास्त्राकडे वळतात, त्यामुळे वर्ग भलामोठा असतो. भौतिकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांचा कोर्स वेगळा, त्यात सुरुवातीपासून कॅल्क्युलस लागतं. आमच्या कोर्सला शाळेतलं गणित पुरलं : गुणोत्तरं, घातांक, थोडी भूमिती.

पण गणित कमी म्हणून कोर्स सोपा, असं अजिबात नाही. ग्रहताऱ्यांची नावं आणि अंतरं पाठ केली की झालं, अशा समजुतीने आलेल्यांची पहिल्याच चाचणीत तारांबळ उडते. प्रश्न असे असतात : सूर्य मावळताना चंद्र आकाशात सर्वांत उंच आहे, तर कला कोणती आणि तो मावळेल कधी? ध्रुवतारा क्षितिजापासून ४० अंशांवर दिसतो, तर तुम्ही कुठल्या अक्षांशावर आहात? एखादा तारा दहापट लांब नेला तर किती अंधुक दिसेल? (शंभरपट.) सूत्र पाठ असून भागत नाही, डोळ्यांसमोर चित्र उभं राहावं लागतं.

चंद्राच्या प्रश्नांत मला घरचे सण कामाला आले. मध्यरात्री उगवणारा चंद्र कोणता, असं विचारलं की मला गोकुळाष्टमी आठवायची. वद्य अष्टमीचा चंद्र कृष्णजन्माच्या सुमारासच वर येतो. कोजागिरीला दूध आटवताना मध्यरात्री तो माथ्यावर असतो. शुद्ध अष्टमीचा संध्याकाळी वर आणि मध्यरात्री अस्ताला. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातलं १२ अंशांचं अंतर, हे एकदा नीट कळलं की महिनाभराचं वेळापत्रक आपोआप उलगडतं. हे सगळं लहानपणापासून भिंतीवर टांगलेलं होतं, पण आकाशाशी त्याची सांगड घालायला मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

वर्गात शिकवायची पद्धत मला फार आवडली. प्रश्न पडद्यावर यायचा, प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर उत्तराचं बटण दाबायचं, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. ऋतू का होतात यावर पहिल्या फेरीत खूप मुलांनी 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते' हाच पर्याय निवडला. सूर्याच्या सर्वांत जवळ पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, आणि त्या वेळी इलिनॉयमध्ये बर्फ असतो. जुलैच्या सुरुवातीला ती १५ कोटी २१ लाखांवर जाते आणि तेव्हा इथे कडक उन्हाळा. शेजारच्या मुलीशी बोलता बोलता तिच्याच तोंडून 'मग ऑस्ट्रेलियात उलटं का असतं?' हा प्रश्न आला. दुसऱ्या फेरीत तिने अक्षाचा कल निवडला.

आता लॅब. तीन गोष्टी सांगते.

पहिली, चंद्राची वही. पूर्ण एक चांद्रमास, आकाश मोकळं असेल त्या प्रत्येक दिवशी वेळ, दिशा, उंची आणि उजळलेल्या भागाचं चित्र नोंदवायचं. उंची मोजायला हात लांब करून मूठ धरायची, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश, करंगळी म्हणजे १ अंश. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो असं पुस्तकात दिलेलं. माझ्या वहीत सप्टेंबरच्या पौर्णिमेच्या आसपास हा फरक अर्ध्या तासाच्या आत आला. लॅबच्या सहायक मुलीने उत्तर सांगितलं नाही, पृथ्वीचा गोल हातात दिला आणि चंद्राचा मार्ग संध्याकाळी पूर्व क्षितिजाशी किती कोन करतो ते बघायला लावलं. त्या दिवसांत तो मार्ग क्षितिजाला बराच लवंडलेला असतो, त्यामुळे चंद्र दिवसाला १३ अंश पुढे सरकला तरी क्षितिजाखाली फारसा जात नाही.

मग मी आईकडून कालनिर्णयमधल्या वर्षभराच्या संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा मागवल्या. भाद्रपद-आश्विनात साडेआठच्या सुमारास, वैशाख-ज्येष्ठात दहाच्या पुढेमागे. थोडा फरक उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो म्हणून, बाकीचा याच कोनामुळे. महाराष्ट्राच्या अक्षांशावर परिणाम इथल्यापेक्षा सौम्य असतो, पण आकड्यांत स्पष्ट दिसतो. उपास करणाऱ्या प्रत्येकीला भाद्रपदातली संकष्टी लवकर सुटते हे ठाऊक असतं.

दुसरी, वर्णपट. अंधाऱ्या खोलीत वायूंच्या नळ्या पेटवलेल्या, आपल्या हातात छोटा वर्णपटदर्शक. हायड्रोजनची ठसठशीत लाल रेघ ६५६ नॅनोमीटरवर, निळसर हिरवी ४८६ वर, पुढे जांभळ्या. हेलियमची पिवळी ५८८ च्या जरा अलीकडे. शेवटच्या नळीवर नाव नव्हतं, रेघांच्या जागा मोजून ओळखायची होती. त्यानंतर सूर्याचा वर्णपट समोर ठेवला, आणि त्यात नेमक्या ओळखीच्या जागांवर काळ्या रेघा. सूर्य बहुतांशी हायड्रोजन आणि हेलियमचा आहे हे सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये प्रबंधात मांडलं, तेव्हा मोठ्या शास्त्रज्ञांनाही ते पटलं नव्हतं. नळी हातात धरून रेघा मोजल्यावर तो प्रबंध किती धाडसाचा होता ते कळतं.

तिसरी, दुर्बिणीची रात्र. ढगांमुळे सारखी पुढे ढकलली गेली आणि शेवटी डिसेंबरच्या कडाक्यात झाली. मृगातला तेजोमेघ पाहिला. फोटोत गुलाबी-जांभळा असतो, डोळ्याला राखाडी दिसतो, कारण इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. काही मुलं हिरमुसली. मी मात्र रांगेत पुन्हा उभी राहिले. १३०० हून अधिक वर्षांपूर्वी निघालेला उजेड मधे फोटो नाही, पडदा नाही, थेट डोळ्यात शिरतोय याचं मला अप्रूप होतं.

व्याधाच्या खाली अगस्त्य शोधायची सवय, तो मात्र इथून उगवतच नाही. ४० अक्षांशावरून आकाशातल्या विषुववृत्ताच्या ५० अंशांपेक्षा दक्षिणेचे तारे क्षितिजाखालीच राहतात आणि अगस्त्य जवळजवळ ५३ अंश दक्षिणेला आहे. हे गणित मी वर्गात न विचारता करू शकले.

कोर्सचा शेवटचा भाग, म्हणजे दीर्घिका, विश्वाचं प्रसरण, १३८० कोटी वर्षांचा इतिहास, फार घाईत उरकला गेला. त्याला वेगळा कोर्सच हवा.

माझं ठाम मत : हा कोर्स करणार असाल तर लॅबसकट करा. बऱ्याच ठिकाणी लॅब ऐच्छिक असते आणि मुलं ती टाळतात. व्याख्यानातून जे कळतं ते पुस्तकातूनही कळलं असतं. स्वतः मोजलेला आकडा आणि पुस्तकातला आकडा समोरासमोर आले की खरा अभ्यास सुरू होतो.

प्रश्न असतील तर विचारा.

---

रानजाई

किती छान लिहिलंय! संकष्टीचं वाचून लगेच कॅलेंडर काढलं. खरंच आहे की.

गणिताबद्दल जरा नीट सांगशील का? बारावीला गणित सोडलं ते सोडलंच. 'शाळेतलं गणित' म्हणजे नेमकं किती?

---

शुक्रचांदणी

रानजाई, एक उदाहरण पूर्ण करून दाखवते, म्हणजे अंदाज येईल.

केप्लरचा तिसरा नियम : ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. काळ वर्षांत आणि अंतर खगोलीय एककात (पृथ्वी-सूर्य अंतर = १) घेतलं की दोन्ही बाजू सारख्याच येतात. मंगळाचं अंतर १.५२४. घन केला की ३.५४. त्याचा प्रदक्षिणाकाळ १.८८ वर्षं, वर्ग ३.५३. जमलं.

आता लॅबमधलं. संगणकावर गुरूचे चार मोठे चंद्र रात्रीमागून रात्री कुठे दिसतात ते नोंदवायचं, आलेख काढायचा, त्यावरून प्रत्येकाचा काळ आणि अंतर काढायचं. कॅलिस्टोचा काळ १६.६९ दिवस, म्हणजे ०.०४५७ वर्षं. अंतर सुमारे १८ लाख ८३ हजार किलोमीटर, म्हणजे ०.०१२५९ एकक. अंतराचा घन भागिले काळाचा वर्ग केला की ०.०००९५५ येतं. हे गुरूचं वस्तुमान, सूर्याच्या तुलनेत. उलटं केलं तर सूर्य गुरूच्या सुमारे १०४७ पट.

गुणाकार, भागाकार, वर्ग, घन, बस्स. कॅल्क्युलेटर वापरायची मुभा होती. चार ठिपक्यांच्या हालचालीवरून अख्ख्या गुरूचं वजन काढता येतं, हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला तेच गणित पुन्हा करून दाखवलं.

---

रानजाई

एवढं तर मला येईल. धन्यवाद गं!

---

सह्यकडा

वाचतोय. फार उपयुक्त धागा.

---

काठीवाले_सर

मी जुन्नर तालुक्यात एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे कला-वाणिज्यच्या मुलांनाही दुसऱ्या शाखेचा एखादा विषय घेता येतो, त्यात आम्ही खगोलशास्त्राची ओळख हा विषय ठेवला. त्या अनुभवावरून लिहितो.

शुक्रचांदणी ताईंच्या लॅबच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन, पण आमच्याकडे ना वायूंच्या नळ्या ना वर्णपटदर्शक. म्हणून मी मुलांना एक मीटरची सरळ काठी आणि ओळंबा दिला. मैदानात काठी उभी रोवायची, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा, सर्वांत छोटी सावली कधी पडते ते शोधायचं. सगळ्यांना वाटतं, बाराच्या ठोक्याला. आमच्याकडे ती साधारण साडेबाराच्या पुढेमागे पडते, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं आणि आम्ही ७४ च्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं, हिशेब करून बघा. शिवाय ही वेळ वर्षभर एकच नसते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून अठरा मिनिटांच्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेएकही उलटून जातो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि अक्ष कललेला आहे, या दोन्ही गोष्टी त्या खड्यांच्या रांगेत उतरतात.

सावलीची लांबीही बोलते. विषुवदिनाला आमच्याकडे एक मीटर काठीची दुपारची सावली ३५ सेंटिमीटर, २२ डिसेंबरच्या सुमारास ९२. आणि जूनमध्ये ढगांनी सवलत दिली तर २१ तारखेला सावली चक्क दक्षिणेला पडते, सात सेंटिमीटर. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना हे माहीत असतं, पदवीच्या मुलांना नसतं. मधल्या काळात दोन दिवस सावली पायाखालीच येते, पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्याजवळ आणि जुलैच्या अखेरीस. जुलैतला दिवस पावसात जातो, मे महिन्यातला धरायचा.

वाणिज्य शाखेची एक मुलगी सावलीची लांबी रोज वहीत लिहून ठेवायची. वर्षाअखेरीस तिने तिच्या गावाचा अक्षांश काढून दाखवला, नकाशातल्या आकड्याच्या अर्ध्या अंशाच्या आत. इतका स्वच्छ प्रयोग मी भौतिकच्या मुलांकडूनही क्वचित पाहिलाय.

आपल्याकडच्या अभ्यासक्रमांबद्दल माझी खरी तक्रार अशी की ते थेट ताऱ्यांच्या अंतर्भागाच्या समीकरणांवर उडी घेतात. चंद्रशेखर मर्यादा (श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाची कमाल सीमा) १.४ सौरवस्तुमान, हे उत्तर मुलगा बिनचूक लिहितो. पण त्याला रात्री बाहेर नेऊन ध्रुव दाखव म्हटलं तर तो सर्वांत तेजस्वी तारा शोधायला लागतो.

---

शुक्रचांदणी

सर, दक्षिणेला पडणाऱ्या सावलीचं मी वर्गात सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. इथल्या मुलांच्या डोक्यावर सूर्य कधीच येत नाही, कर्कवृत्ताच्या उत्तरेला तो येऊच शकत नाही. त्यामुळे पुस्तकातल्या सगळ्या आकृत्याही त्यांच्याच आकाशाच्या असतात. तुमचं काठीचं टिपण वेगळ्या धाग्यावर टाका ना.

---

देवगडकर

वर्णपटाचा विषय निघालाच आहे तर आमच्या विजयदुर्गाचा उल्लेख हवाच. १८६८ साली किल्ल्यावरून खग्रास ग्रहण पाहताना लॉकियर साहेबाला हेलियम सापडला. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' अजून आहेत. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. अमेरिकेतल्या पुस्तकात हे असतं का?

---

कोनाडा

देवगडकर दादा, विजयदुर्ग मलाही जीव की प्राण, पण यात दोन ग्रहणं एकमेकांत मिसळली आहेत.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे बरोबर. त्या दिवशी फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाळांच्या तेजस्वी रेघा त्यांना इतक्या ठळक दिसल्या की ग्रहण संपल्यावरही त्या दिसतील असं त्यांच्या लक्षात आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते करूनही दाखवलं. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, ती पिवळी रेघ पाहिली आणि ती सोडियमची नाही हे ओळखलं. पृथ्वीवर हेलियम मिळाला तो १८९५ मध्ये, रॅमझी यांना.

लॉकियर विजयदुर्गला आले हे मात्र शंभर टक्के खरं. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते तिथे तळ ठोकून होते. ओटे त्या मोहिमेचे मानायला हवेत.

त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. पुण्यात त्यांनी उभारलेल्या वेधशाळेत २० इंची परावर्तक दुर्बीण होती, पुढे ती कोडईकनालला गेली. या माणसाबद्दल महाराष्ट्रात जेवढं बोललं जायला हवं त्याच्या दशांशही बोललं जात नाही.

---

देवगडकर

माहितीबद्दल आभार. १८९८ ही तारीख कळली हे उत्तमच झालं. हेलियम सापडल्यावर, तो काय आहे हे जगाला ठाऊक झाल्यावर, तोच माणूस पुढचं ग्रहण पाहायला आमच्या किल्ल्यावर येतो, हे कमी मोलाचं नाही. पुढच्या वेळी किल्ल्यावर शाळेची मुलं आली की मी असंच सांगणार. नायगमवालांबद्दल प्रथमच वाचलं, अजून लिहा.

---

आषाढसरी

एक मनापासूनचा प्रश्न. अशा कोर्समध्ये राशी-नक्षत्रं शिकवतात का? आणि उत्तरायण २२ डिसेंबरला सुरू होतं म्हणतात, मग संक्रांत १४-१५ जानेवारीला का?

---

काठीवाले_सर

शिकवतात, आकाशाचे पत्ते म्हणून. क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याचा वार्षिक मार्ग, त्यावरचे तारकापुंज, ही ओळख पहिल्या प्रकरणातच होते. फलज्योतिषाचा तिथे काही संबंध नाही.

संक्रांतीचं असं आहे. पृथ्वीचा अक्ष स्वतःच सुमारे २६ हजार वर्षांत एक चक्कर मारतो. त्याला परांचन म्हणतात. त्यामुळे अयनबिंदू (सूर्य उत्तर-दक्षिण टोकाला असतो त्या जागा) आणि संपातबिंदू (दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो त्या जागा) ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दर ७२ वर्षांना एक अंश मागे सरकतात. आपलं निरयन पंचांग ताऱ्यांना धरून चालतं, ऋतू मात्र संपातबिंदूला धरून. दोहोंतलं अंतर आता २४ अंशांच्या आसपास झालंय, म्हणून सूर्य दक्षिण टोकाला पोचून परत फिरतो डिसेंबरात आणि पंचांगातल्या मकरेत शिरतो जानेवारीत. ही फारकत वाढत जाणार. माझ्या काठीला विचाराल तर ती उत्तरायण डिसेंबरलाच सुरू करते.

---

सह्यकडा

नारळीकर सरांच्या सिद्धांताबद्दल तिकडे काय शिकवतात? ते गेल्यापासून हा प्रश्न मनात आहे.

---

शुक्रचांदणी

सह्यकडा, स्थिर विश्वाचा सिद्धांत (विश्वाला आरंभ नाही असं मानणारा; बॉन्डी, गोल्ड आणि हॉएल, १९४८) थोडक्यात होता, त्याचा मुद्दा असा की १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरी प्रारण सापडलं आणि महास्फोटाचं पारडं जड झालं. नारळीकर सरांनी हॉएल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये मांडलेलं सुधारित रूप प्राथमिक पुस्तकात नव्हतं. त्यावर मी प्राध्यापकांना त्यांच्या खोलीत जाऊन विचारलं. ते म्हणाले की बहुमताच्या विरुद्ध जाऊन आपलं म्हणणं आकड्यांत मांडणारी माणसं असली की बाकीच्यांना पुरावे घट्ट करावे लागतात. सरांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारली हेही त्यांना ठाऊक होतं. २० मे २०२५ ला सर गेले, त्यानंतर इथे ग्रंथालयात त्यांची पुस्तकं मी एका कपाटात एकत्र मांडली.

---

मुक्तछंद

जरा वेगळं मत मांडतो. मीही असाच कोर्स केला, दुसऱ्या विद्यापीठात, लॅबशिवाय. प्रचंड वर्ग, वाचून दाखवलेल्या स्लाइड्स, संगणकच तपासणार असे गृहपाठ. एका क्रेडिटला मोजलेले डॉलर आठवले की अजून चुटपुट लागते. ज्याला आकाशाची गोडी आहे त्याने पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जावं, १९४४ पासून चालू असलेली संस्था आहे. मुंबईकरांनी खगोल मंडळाबरोबर वांगणीला रात्र काढावी. चार तासांत जेवढं दिसतं तेवढं माझ्या अख्ख्या सत्रात दिसलं नाही. पाठ्यपुस्तक हवं तर ओपनस्टॅक्सचं संपूर्ण पुस्तक फुकट उपलब्ध आहे.

---

शुक्रचांदणी

मुक्तछंद, तुमचा राग समजतो, आणि फी भरून लॅबशिवाय घ्यायचा असेल तर मीही नको म्हणेन. फुकट पुस्तकाचं अगदी खरं, आमच्या कोर्सला तेच होतं.

पण आकाशदर्शनाची रात्र आणि कोर्स यांचं काम वेगळं आहे. वांगणीला कुणीतरी जाणकार शनीची कडी दाखवतो, आपण पाहतो, आनंद होतो. कोर्समध्ये मला आधी कागदावर लिहून द्यावं लागायचं की चंद्र अमुक वाजता अमुक दिशेला अमुक उंचीवर असेल, आणि मग बाहेर जाऊन बघायचं. माझं लिहिलेलं आणि आकाश यांत तफावत पडली की कारण शोधेपर्यंत सुटका नसे. ही सक्ती मी स्वतःवर घरबसल्या कधीच केली नसती. ज्यांना जमते त्यांना कोर्सची गरज नाही हे मान्य.

---

कोनाडा

+१. आणि पुणे परिसरातल्यांनी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला जरूर जावं. तिथल्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचं विज्ञान प्रदर्शन असतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी एक किलोमीटरच्या चौकोनात आणि उरलेल्या तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. पहिल्या डिशखाली उभं राहिलं की रेडिओ खगोलशास्त्र ही पुस्तकातली गोष्ट राहत नाही. भौतिक किंवा अभियांत्रिकीची पदवी करणाऱ्यांसाठी आयुका आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र) मिळून खगोलशास्त्राची ओळख करून देणारी उन्हाळी शाळा घेतात, त्यात निवड होऊन प्रवेश मिळतो. कला-वाणिज्यवाल्यांसाठी मात्र सरांसारखी महाविद्यालयंच हवीत.

---

संत्रानगरी

नागपूरहून लिहितेय. मुलगी ऑगस्टमध्ये अमेरिकेला पदवीसाठी जातेय, विषय अर्थशास्त्र. विज्ञानाच्या यादीत भूगर्भशास्त्र, खगोलशास्त्र आणि पर्यावरण असे पर्याय आहेत. तिला खगोलशास्त्र घ्यायचंय, पण ग्रेड खाली आली तर शिष्यवृत्तीवर परिणाम होईल अशी धाकधूक आहे. ताई, काय सल्ला द्याल?

---

शुक्रचांदणी

संत्रानगरी ताई, तिला आवड असेल तर घेऊ द्या. अर्थशास्त्राच्या मुलीला आलेख आणि गुणोत्तरं सवयीची असतात, तिला जड जाणार नाही.

काही गोष्टी तिला आधी बघायला सांगा. एकाच विभागात सूर्यमालेचा कोर्स आणि तारे-दीर्घिकांचा कोर्स असे दोन वेगळे असू शकतात. पहिल्यांदा शिकणाऱ्याला दोन्ही चालतात, पण प्रकाश आणि वर्णपट दुसऱ्यात जास्त खोलात असतात. कोर्सच्या क्रमांकावरून आणि आधी कॅल्क्युलस हवं आहे का यावरून तो भौतिकच्या मुलांचा तर नाही ना हे कळतं. ग्रेडऐवजी उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा पर्याय बऱ्याच ठिकाणी असतो, पण शिष्यवृत्तीच्या अटींत आणि पदवीच्या सक्तीच्या विज्ञानात तो चालतो का हे तिने सल्लागाराला लेखी विचारावं, तोंडी नको.

आणि लॅबच्या जागा व्याख्यानाच्या आधी भरतात. एका तुकडीत वीस-पंचवीसच मुलं घेतात, त्यामुळे नोंदणी उघडेल त्या दिवशी सकाळीच लॅबची तुकडी धरायची, संध्याकाळची मिळाली तर तीच.

---

संत्रानगरी

हे सगळं तिला आत्ताच पाठवलं. सरांच्या काठीचंही सांगितलं, जायच्या आधी इथे गच्चीवर करून बघणार म्हणतेय. नागपूर २१ अक्षांशावर, म्हणजे आमच्याकडे सावली पायाखाली कधी येईल सर?

---

काठीवाले_सर

ताई, सूर्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) २१ अंश उत्तर होते ती मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात. मे महिन्यातला दिवस धरा. नागपूर रेखांशाने ७९ च्या पुढे, म्हणजे तुमची दुपार आमच्यापेक्षा वीसेक मिनिटं लवकर होते. बारा वाजताच काठी लावून बसायला सांगा, बारा-दहाच्या सुमारास बघायला मिळेल. काठी ओळंब्याने सरळ लावा, गच्चीचा उतार तपासा, आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा, नागपूरचा मे आहे.